शहाद्याचा पिंगळा आणि नोंदीचा निकष

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांना रानपिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षं या घुबडाचा खात्रीलायक माग नव्हता. जातच संपली, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं होतं. मधल्या काळात शोध झाले नाहीत असं नाही, पण ते भलतीकडे झाले. रिचर्ड माइनर्टझहागन या बड्या पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात या पिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४, मांडवी, असं लिहिलं होतं. ही मांडवी गुजरातेतली, तापीकाठची. साहजिकच लोक तिथं जाऊन हात हलवत परतले.

तो नमुना चोरीचा निघाला. १८८० च्या दशकात खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तो जमवला होता. माइनर्टझहागननं तो ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, कातडं उसवून पुन्हा भरलं आणि वर स्वतःची चिठ्ठी बांधली. पण डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा आत शिल्लक राहिल्या होत्या. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे प्रकरण सविस्तर मांडलं.

आता प्रश्न असा, की विकिपीडियासारख्या ऑनलाइन ज्ञानकोशात जागा कुणाला द्यायची, नमुना जमवणाऱ्याला की चोरणाऱ्याला? माइनर्टझहागनची नोंद लांबलचक होते आणि ती तशी व्हायलाच हवी. त्याच्यावर चरित्रं आहेत, वाद आहेत, भानगडी आहेत. हे अनेकांना खुपतं, कारण आपण ज्ञानकोशातल्या नोंदीकडे शाल-श्रीफळासारखं पाहतो. तिथला निकष गुणवत्तेचा नसतोच. त्या माणसाशी लागेबांधे नसलेल्या कुणी त्याच्याबद्दल पुरेसं, तपासता येईल असं लिहिलंय का, एवढंच पाहिलं जातं. संशोधकांसाठी थोडी सूटही आहे: त्यांच्या कामाचा त्या शाखेवर ठसा दिसला, मोठा पुरस्कार किंवा मानाच्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्व मिळालेलं असलं, तरी भागतं.

ही चाळणी चुकते तेव्हा जगभर गाजावाजा होतो. डोना स्ट्रिकलंड यांच्या नोंदीचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर पुरेशा संदर्भांअभावी परत गेला आणि त्याच ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यांच्याबरोबर ते मिळवणारे जेरार मुरू यांची नोंद मात्र आधीपासून होती. तपासणाऱ्याला सगळ्यांनी झोडपलं. मला तो तितका दोषी वाटत नाही. त्यानं समोर ठेवलेले कागद पाहिले. स्त्री संशोधकांबद्दल लिहिलंच कमी जातं, तो तुटवडा त्या कागदांत उतरला होता.

मग दारच सताड उघडावं का? इंटरनेटवर पानांना तोटा नाही. वाईत मराठी विश्वकोशाचे छापील खंड निघत होते तेव्हा कागदाची मर्यादा होती. आता ती कुठं आहे? पण हात तेवढेच आहेत. जिवंत माणसाच्या पानावर कुणी खोटंनाटं घुसडलं तर ते काढायला कुणीतरी जागं असावं लागतं. शिवाय आपल्याकडे वाढदिवसाच्या पुरवण्या आणि ‘जीवनगौरव’ यांचा जो सुकाळ आहे, तो पाहता कडक चाळणीचं मी समर्थनच करीन.

अडचण येते ती नंदुरबारसारख्या जिल्ह्यात. तोरणमाळच्या वाटेवर एखादं अनोळखी झुडूप दिसलं तर थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याचा शंभर वर्षांहून जुना वनस्पतीग्रंथ उघडता येतो, पण त्याचा पसारा अख्ख्या इलाख्याचा. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ आहे तो डॉ. डी. ए. पाटील यांचा, २००३ सालचा. खानदेशातल्या आदिवासींच्या वनस्पतीज्ञानावरही त्यांनी लिहिलं. अशा माणसाच्या नोंदीचा प्रस्ताव आला, की पहिला प्रश्न येणार: त्यांच्या कामाचे दाखले किती जणांनी दिले? पण या डोंगरातल्या झाडांवर काम करणारेच मुळात किती? दोन जिल्ह्यांच्या वनस्पतींची यादी कर्करोगाच्या औषधावरच्या निबंधाइतके दाखले कधीच गोळा करणार नाही. ज्याला त्या भागात काम करायचंय त्याला ती टाळता येते का, हे विचारायला हवं. नियमांत शाखेवरचा ठसा पाहायची मुभा आहे. ती वापरायला शाखा कळणारा माणूस चर्चेत लागतो.

आणि दर वेळी नोंद माणसाचीच कशाला? नंदुरबारच्याच धडगाव भागात बाएफ या संस्थेच्या साथीनं मका-ज्वारीचे गावठी वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांचं काम शास्त्रीयच आहे. तिथं त्या बियाणं-संवर्धनाची नोंद केली तर ती टिकेल. एकेकाच्या नावाचं पान पुढच्याच महिन्यात उडेल.

पाटलांच्या बाबतीत माझा कौल छोट्या नोंदीला आहे. ग्रंथ, त्याची व्याप्ती, त्याच्या आधारानं इतरांनी पुढं काय केलं, एवढंच तिच्यात यावं. पदव्यांची माळ नको, ‘थोर’ नको, सत्कारांची यादी तर नकोच. मात्र त्यासाठी त्या ग्रंथाची दोन तरी स्वतंत्र परीक्षणं हाताशी हवीत, आणि ती विकिपीडियाच्या संपादकांनी लिहायची नसतात. ती धुळे, जळगाव, शहाद्याच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहून कुठंतरी छापून आणायची असतात.