कोणाचे येणे, कोणाकडून वसुली?

तुम्ही रोज सायकलने कॉलेजला, ऑफिसला किंवा कामावर जात असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. जात नसाल तरी वाचा. रस्त्याने चालत तर नक्कीच जात असाल.

शहरात सायकल चालवणाऱ्याला काय काय सोसावे लागते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. आपण रस्त्याच्या अगदी कडेला असतो, तरी मागची मोठी गाडी हॉर्न वाजवतच राहते. रिक्षा आपल्याला ओलांडते आणि बरोबर आपल्याच पुढ्यात थांबते. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते. पावसाळ्यात खड्ड्यातले पाणी अंगावर उडते आणि उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘सायकल मार्ग’ असे रंगवलेल्या पट्ट्यावर दुचाक्या उभ्या असतात, त्यांच्यापुढे वडापावची गाडी, आणि त्याच्यापुढे रस्ता खोदून ठेवलेला. तुम्ही इंदूरमध्ये असा, बडोद्यात असा, बंगळूरमध्ये असा की माझ्यासारखे पुण्यात, यात फारसा फरक पडत नाही. पुण्याला तर एके काळी सायकलींचे शहर म्हणत, आणि २०१७ साली महापालिकेने सायकलींसाठी सविस्तर आराखडाही मंजूर केला. तरीही संध्याकाळी सहा वाजता पेठांमधून सायकल काढायची म्हणजे अंग चोरूनच काढावी लागते.

हा त्रास खरा आहे. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत, शांत राहा’ असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्याच्या कोपराला बसचा पत्रा घासून गेला, त्याला असा उपदेश करणे हा एक प्रकारचा निर्दयपणाच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. बस निघून जाते. बसचालकाने आपल्याला पाहिलेलेही नसते. मग पुढच्या दहा मिनिटांत आपण काय करतो?

एकदा नीट निरीक्षण करून पहा. गर्दीला कंटाळलेला सायकलस्वार पदपथावर चढतो. तिथे एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन हळूहळू चाललेल्या असतात. त्यांच्या पाठीशी जाऊन तो घंटी वाजवतो. एकदा नाही, चार वेळा, आणि त्या दचकून भिंतीला टेकल्या की जवळून निघून जातो. मघाशी मोटारीने त्याच्याशी जे केले, तेच त्याने आजींशी केले. फक्त हॉर्नऐवजी घंटी.

सायकलस्वार एकमेकांशी वागतात तेही पहा. सिग्नलला तुम्ही झेब्रा पट्ट्यांच्या मागे थांबलेले असता. मागून दुसरा सायकलवाला येतो, तुमच्या पुढे जाऊन थेट पट्ट्यांवर उभा राहतो, आणि हिरवा दिवा लागल्यावर तुमच्यापेक्षा हळू निघतो. कोणी डाव्या बाजूने, न सांगता, हँडलला हँडल लागेल इतके जवळून पुढे काढतो; त्याच क्षणी तुम्ही खड्डा चुकवायला डावीकडे वळला असता तर? दोघे मित्र शेजारी शेजारी गप्पा मारत चालवतात आणि मागची रांग वाढत जाते. कानांत इअरफोन असल्यामुळे कोणाला काही ऐकू येत नाही. रविवारी पहाटे गटाने निघणाऱ्यांचे पांढरे, लुकलुकणारे दिवे समोरून येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांत जातात. आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनच्या सायकलला तर दिवाच नसतो. रेलिंगला कुलूप लावताना कोणी आपली साखळी शेजारच्या सायकलमधूनही ओवून जातो, मग शेजारच्याने त्याची वाट पाहत बसायचे. या गोष्टी क्षुल्लक आहेत, हे मान्य. पण मोठमोठ्या तत्त्वांची परीक्षा बहुतेक वेळा अशा क्षुल्लक ठिकाणीच होते. मोठ्या प्रसंगी आपण सावध असतो, सिग्नलला नसतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे मला हा प्रश्न वहीखात्याच्या भाषेत जास्त चांगला समजतो. समजा तुमच्याकडून माझे ५०० रुपये येणे आहेत आणि मी तुम्हाला ३०० रुपये देणे लागतो. आपण दोघे मिळून ३०० वळते करून घेऊ शकतो. तुम्ही मला २०० दिलेत की हिशोब मिटला. याचे कारण, ऋणको आणि धनको दोन्ही बाजूंनी आपणच दोघे आहोत. पण तुम्ही माझे ५०० बुडवलेत, म्हणून मी किराणा दुकानदाराचे ३०० द्यायचे नाकारले, तर तो काय म्हणेल? ‘तुमचे पैसे त्यांनी बुडवले, त्यात माझा काय संबंध?’ त्याचे बरोबर आहे. कंपनीच्या ताळेबंदातही येणे आणि देणे एकमेकांत जिरवून नुसता फरक दाखवायला, मोजके अपवाद सोडले तर, परवानगी नसते. दोन्ही बाजू पूर्ण दाखवाव्या लागतात.

रस्त्यावर आपण नेमकी हीच परवानगी स्वतःला देतो. मोटारवाल्याकडून आपले काही येणे असते: थोडी जागा, थोडी सबुरी. ते वसूल होत नाही, कारण तो वेगाने निघून गेलेला असतो आणि त्याच्याशी भांडण्यात धोका असतो. मग आपण ती वसुली जो हाताशी सापडतो आणि उलटून काही करू शकत नाही, त्याच्याकडून करतो. आजींकडून. आपल्यापेक्षा हळू जाणाऱ्या सायकलवाल्याकडून. आपल्याला वाटते की आपण अन्यायाला उत्तर देत आहोत. प्रत्यक्षात आपण तो अन्याय एक पायरी खाली पोहोचवत असतो.

दुसरे एक खाते याहून फसवे आहे, कारण त्यात शिल्लक चांगली दिसते. सायकल धूर सोडत नाही, पेट्रोल जाळत नाही, जागा कमी घेते. हे सगळे खरे आहे आणि त्याचा आनंद वाटण्यात काही गैर नाही. पण या आनंदातून हळूच एक सूट निर्माण होते. ‘मी एवढे चांगले काम करतो आहे, मी सिग्नल मोडला तर काय बिघडले?’ गीतेच्या चौदाव्या अध्यायात तीन गुणांचे वर्णन आहे. रज आणि तम बांधतात, हे आपल्याला सहज पटते. पण सत्त्वही बांधते, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधते, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. रस्त्यावरचे हे त्याचे अगदी साधे उदाहरण म्हणता येईल. वाचवलेले पेट्रोल हवेच्या खात्यावर जमा होईल. झेब्रा पट्ट्यांवरून मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या खात्यावर ते कसे जमा होणार?

‘पण सायकलने कोणाचे काय नुकसान होणार?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. थोडे गणित करू. सायकल साधारण २० किलो, चालवणारा ६० किलो. ताशी १५ किलोमीटर हा शहरातला अगदी सामान्य वेग. म्हणजे ८० किलो वजन एका सेकंदात ४ मीटरहून थोडे जास्त अंतर कापते, आणि तेही आवाज न करता. चालणारा माणूस ताशी ४-५ किलोमीटर चालतो. म्हणजे आपण त्याच्या तिप्पट वेगाने त्याच्या पाठीमागून येत असतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने चाललेली मोटार आपल्या मागून आली की आपल्याला जसे वाटते, तशाच प्रमाणात आपण त्याला वाटतो.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या रस्त्याच्या नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये एक बदल झाला. ज्याच्या वाहनाने दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी जास्त, असे तत्त्व तिच्यात घातले गेले. ट्रकवर सर्वांत जास्त, मग मोटार, मग मोटारसायकल, आणि असे उतरत उतरत सायकलस्वाराची जबाबदारी पादचाऱ्यांप्रति. सगळ्यांनीच आपली आणि इतरांची काळजी घ्यायची आहे, हेही तिथे म्हटले आहे. मला यातली विशेष गोष्ट वाटते ती अशी, की या उतरंडीत सायकलस्वार मधोमध आहे. वर पाहिले तर तो दुबळा, खाली पाहिले तर तो बलवान. आपण मात्र दिवसभर फक्त वर पाहत असतो.

(एक अवांतर गोष्ट. भाषांतराची सेवा करताना ‘वाटेचा हक्क’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला की मी अडखळतो. कायद्याच्या मराठीत त्याला प्रतिशब्द आहेत, पण बोलताना ते कोणी वापरत नाही. मराठीत माणूस वाट देतो, वाट सोडतो, वाट अडवतो. आपल्या बोलण्यात हक्काआधी देणे येते, ते मला आवडते.)

आता अवघड भाग. उलट दिशेने येणारे. पुण्यात फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून जातो आणि जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे येतो; दोन्ही एकेरी. मोटारीला वळसा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा जास्त दाब. सायकलवाल्याला तोच वळसा पायांनी मारावा लागतो. शहराबाहेरच्या रस्त्यांवर तर दुभाजकात पुढची फट फार लांब असते. रस्ते आखणाऱ्यांनी सायकलचा विचार केलेला नाही, हे उघड आहे. मग बारा तासांची पाळी करून, दिव्याशिवाय, उलट्या बाजूने घरी निघालेल्या वॉचमनला तुम्ही काय म्हणाल? बेशिस्त? मला तो शब्द वापरता येत नाही. त्याच्याकडे वेळ नाही, ताकद उरलेली नाही, आणि चांगला दिवा घ्यायचा तर खिशात हात घालावा लागतो.

तरीही त्याची अडचण म्हणजे आपली परवानगी नव्हे. गिअरची सायकल, हेल्मेट आणि हाताशी वीस मिनिटे असलेला तरुण जेव्हा ‘सगळेच येतात’ म्हणून उलट येतो, तेव्हा तो वॉचमनच्या गरजेवर आपली सोय उधार घेतो. शिवाय उलट येणाऱ्याला समोरचे वाहन दिसते, म्हणून त्याला सुरक्षित वाटते; त्याच्यासमोर योग्य दिशेने येणाऱ्या सायकलवाल्याला मात्र त्याला चुकवण्यासाठी रहदारीच्या मधे जावे लागते. धोका एकाने निर्माण केला, पत्करला दुसऱ्याने. नाइलाज असेल तर एक साधा उपाय आहे, तो फारसे कोणी वापरत नाही: खाली उतरा आणि सायकल हातात धरून पदपथावरून चाला. उतरलात की तुम्ही पादचारी. दोनशे पावलांनी कमीपणा येत नाही.

यातले काहीही तुमच्याकडून कोणी करवून घेणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही. तिला नंबर नाही, तुम्हाला परवाना नाही. घरातली मोठी माणसे सांगतात, की पूर्वी सायकलला पालिकेचा बिल्ला लागत असे आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले की पोलीस अडवत. आता चौकातला पोलीस सायकलकडे पाहतही नाही. म्हणून सिग्नलला लाल दिव्यापुढे थांबलेला सायकलस्वार फक्त स्वतःच्या सांगण्यावरून थांबलेला असतो. रोज इतक्या वेळा, इतक्या स्वस्तात, कोणाच्याही धाकाशिवाय नियम पाळण्याची संधी शहरात दुसऱ्या कोणाला मिळत असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या सायकलवाल्याला काही सांगायचे असेल, तर सिग्नलला थांबल्यावर सांगा, चालू सायकलवरून ओरडू नका. ‘दादा, तुमचा दिवा थोडा खाली वळवता का? डोळ्यांत जातो’ एवढे पुरते. बहुतेक जण लगेच वळवतात. त्यांना ते ठाऊकच नसते. जे वळवत नाहीत, त्यांच्याशी वाद घालण्याइतका वेळ हिरवा दिवा देत नाही, हेही बरेच.

आणि घंटी. ती दहा-पंधरा मीटर आधी, एकदाच वाजवा; पुढच्या माणसाला तीन-चार सेकंद मिळतात. वयस्कर माणसांना मान वळवायला तेवढा वेळ लागतो. घंटी ऐकून माणूस डावीकडे सरकेल की उजवीकडे, हे त्यालाही आधी माहीत नसते, म्हणून घंटी वाजवली की बोटे ब्रेकवर ठेवायची. ओलांडताना ‘काका, उजवीकडून येतो’ असे म्हटले तर घंटीची गरजही कमी होते. जंगली महाराज रस्त्यावर नव्याने केलेल्या रुंद पदपथावर लहान मुलांसाठी खेळणी आहेत. तिथे मुले धावत मधे येतात. त्यांच्यासाठी घंटी वाजवण्यात अर्थ नसतो. त्यांना तेही एक खेळणेच वाटते आणि ती सायकलकडेच धावत येतात. तिथे उतरायचे.