सापडलेला फोन, मिळालेला क्लेम

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एखाद्या कारखान्याला आग लागली की विम्याचा सर्व्हेअर राखेतूनही हिशेब काढतो. अर्धवट जळालेले सूत, मोटारीतले तांबे, भंगारात निघणारे बीड या सगळ्याला 'सॅल्व्हेज' म्हणून किंमत लागते आणि ती क्लेममधून वजा होते. कारखानदार रकमेवरून वाद घालतो, तत्त्वावरून नाही. पूर्ण भरपाई आणि उरलेला माल, दोन्ही आपल्याच पदरात पडणार नाहीत हे त्याला ठाऊक असते. हेच तत्त्व त्याच वसाहतीत नाईट शिफ्टला जाणाऱ्या कामगाराच्या फोनला लावायची वेळ आली की मात्र सगळे गडबडतात. फोन चोरीला गेला, पोलिसांत तक्रार झाली, विम्याचे पैसे मिळाले, नवा फोन आला आणि काही महिन्यांनी जुना सापडला. तो कोणाचा? बहुतेक जण 'माझाच' म्हणतील. माझे म्हणणे असे की, क्लेम घेतल्यावर त्या फोनचे काय करायचे हे एकट्याने ठरवण्याचा हक्क आपल्याकडे उरत नाही.

हा प्रश्न आता वरचेवर पडणार आहे, कारण फोन सापडू लागले आहेत. दूरसंचार विभागाची सीईआयआर यंत्रणा मे 2023 मध्ये देशभर सुरू झाली. पोलीस तक्रारीची प्रत जोडून फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक नोंदवला की तो फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर बंद पडतो, आणि त्यात कोणी नवे सिम घातले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोचतो. कागलसारख्या सीमेवरच्या तालुक्यात याला विशेष अर्थ आहे. कोगनोळीला पोचले की राज्य बदलते, पोलीस बदलतात, पण आयएमईआयची यादी एकच राहते. निपाणीत विकलेला फोनही यादीत दिसतो. मिळालेला फोन पोलीस तक्रारदाराला परत देतात, कारण त्यांच्या कागदावर मालक तोच. त्याने मधल्या काळात विम्याचे पैसे घेतले आहेत हे त्या कागदावरून कळत नाही. लोक अडकतात ते या फटीत.

कायद्याची दिशा मात्र स्पष्ट आहे. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्याचे कलम 79 सांगते की संपूर्ण नुकसानीची भरपाई दिल्यावर वस्तूचे जे काही उरले असेल, त्यातला विमेदाराचा हक्क कंपनी घेऊ शकते. कायदा जहाजांसाठीचा असला तरी भरपाईच्या विम्याचे तत्त्व तेच आहे, आणि इतर पॉलिसींतही अशी अट सहसा असते. 1930 च्या 'होम्स विरुद्ध पेन' या इंग्लंडमधल्या खटल्यात हरवलेला मोत्यांचा हार, कंपनीने बदली दागिने देण्याचे कबूल केल्यानंतर, विमेदार बाईच्याच कपड्यात सापडला. न्यायालयाने तो करार मोडू दिला नाही. याचा अर्थ, प्रामाणिकपणे केलेला क्लेम वस्तू सापडल्याने आपोआप लबाडीचा ठरत नाही. लोक फोन लपवतात ते बहुधा या भीतीने, आणि ती भीती अनाठायी आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो विमेदाराच्या सोयीचा नाही. त्या हाराच्या विम्यात 'हरवणे' धरलेले होते. आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल पॉलिसींत चोरी धरतात, विसरणे किंवा हरवणे धरत नाहीत. चोराकडून मिळालेला फोन आणि कारखान्यातल्या लॉकरमागे पडलेला फोन म्हणून एकच नव्हेत. दुसऱ्या बाबतीत चोरी झालीच नव्हती, म्हणजे कंपनीने पैसे चुकून दिले. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 72 चुकून मिळालेले पैसे परत करायला सांगते. चोरी झाली असे खरेच वाटून दिलेली तक्रार गुन्हा होत नाही, कारण त्यासाठी माहिती खोटी असल्याची जाणीव असावी लागते. खरे समजल्यावर गप्प बसून दोन्ही ठेवले, तर मात्र प्रामाणिक चुकीचे हे संरक्षण पातळ होत जाते.

'इतकी वर्षे हप्ते भरले, त्याचे काय?' असे विचारले जाते. हप्ता ही जोखमीची किंमत असते. ज्यांचा फोन कधीच गेला नाही त्यांच्याही हप्त्यांतून तुमचा क्लेम भागला आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: घसारा आणि सक्तीची वजावट कापून कंपनीने पूर्ण किंमत दिलीच नाही, मग फोन पूर्ण तिचा कसा? सुताच्या वाहतुकीतून उद्भवलेल्या 'चरण स्पिनिंग मिल्स'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये सांगितले की, वेगळा करार नसेल तर वसुलीतून विमेदाराचे न भरलेले नुकसान आधी फिटते. तेव्हा आपला वाटा मागता येतो, पण त्यासाठी आधी फोन सापडल्याचे सांगावे लागते. कंपनीला जुन्या फोनचे काही पडलेले नसते, हेही अनेकदा खरे असते. तसे असेल तर तिच्याकडून ते लेखी घ्यावे. तो कागद हातात असला की फोन निर्धास्त वापरता येतो.

म्हणून क्रम असा असावा. क्लेम क्रमांक, आयएमईआय, फोन कुठे आणि कसा मिळाला हे कंपनीला ईमेलने कळवायचे. उत्तर येईपर्यंत सीईआयआरवरून फोन अनब्लॉक करायचा नाही, विकायचा तर नाहीच. ब्लॉक असलेला फोन स्वस्तात घेणारा बहुधा आपल्यासारखाच कोणी कामगार असतो आणि पोलिसांच्या प्रश्नांना तोंड त्याला द्यावे लागते. जुना फोन घेणाऱ्याने 14422 वर केवायएम आणि आयएमईआय असा एसएमएस पाठवून आधी खात्री करावी. कंपनीला फोन परत द्यायचा ठरला तर त्यातले फोटो आणि बँकेची ॲप आधी काढून घ्यावीत. विमा फोनच्या यंत्राचा होता, त्यातल्या माहितीचा नव्हता. आणि विमा कंपन्यांनीही क्लेम मंजुरीच्या पत्रात 'फोन सापडल्यास इथे कळवा' एवढी एक ओळ आणि एक पत्ता द्यावा. फोन परत देताना पोलिसांनी 'विम्याचे पैसे मिळाले आहेत का?' असे विचारून उत्तर नोंदवून घ्यावे. या दोन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही.