चव्हाट्यावर लाविलेलीं नांवें

वाचनाचा भाग : मत्तय १८:१५-१७, लूक १९:१-१०.



ज्यांनीं सरकारी कर थकविला, त्यांचीं नांवें सर्वांस वाचतां येतील अशीं प्रसिद्ध करावीं, असा कायदा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २००६ सालीं केला. आरंभीं सर्वांत मोठ्या २५० थकबाकीदारांची यादी वर्षांतून एकदां काढावयाची होती. २०११ सालच्या कायद्यानें ती ५०० जणांची झाली व वर्षांतून निदान दोनदां निघूं लागली. एक लक्ष डॉलरांहून अधिक देणें ज्याच्याकडे राहिलें, त्याचेंच नांव तींत येतें. मग तो एखादा मनुष्य असो कीं व्यापारी कंपनी असो. नांवापुढें रकमेचा आंकडा असतो. अशाचा धंद्याचा परवानाही रोखतां येतो.

हें करणें योग्य आहे काय? कर हें देणें आहे, दान नव्हे. रस्ता, शाळा, दवाखाना यांचा लाभ घेऊन जो आपला वांटा लपवितो, त्याचें ओझें शेजाऱ्याच्या खांद्यावर पडतें. ज्याला कर द्यावयाचा त्याला तो द्यावा, असें पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलें. आपण बांधलेले नसतांही कोणास अडखळण होऊं नये म्हणून प्रभूनें मंदिराची पट्टी भरविली. मग आपण कोणत्या तोंडानें सबब सांगावी?

परंतु त्या कायद्याची रीतही पाहा. नांव छापण्यापूर्वीं तीस दिवस त्या मनुष्यास टपालानें सूचना जाते. जो देणें फेडण्याचा करार करितो, ज्याचा वाद न्यायालयांत चालला आहे, किंवा ज्यानें दिवाळ्याचा अर्ज केला आहे, त्याचें नांव घालीत नाहींत. प्रभूनें मंडळीस लावून दिलेला क्रमही असाच आहे : प्रथम एकांतीं, मग एक दोन साक्षीदारांसह, आणि शेवटीं मंडळीपुढें. तरीही न ऐकणाऱ्यास जकातदारासारखा समजावें, असें तो म्हणतो. पण जकातदारांशीं प्रभु कसा वागला? हें वचन ज्याच्या शुभवर्तमानांत आहे, तो मत्तय स्वतःच जकातदार होता!

यरीहोंतील जक्कयाकडे पाहा. प्रभूनेंही भर लोकांत त्याचें नांव घेतलें. पण त्याला लाजविण्यासाठीं नव्हे, तर त्याच्या घरीं उतरण्यासाठीं. लोक पापी म्हणून कुरकुरत राहिले, आणि जक्कय्यानें आपलें अर्धें द्रव्य गरिबांस देऊं केलें व अन्यायानें घेतलेलें चौपट फेडण्याचें वचन दिलें. यादीनें पैसा वसूल होईल. मन फिरविण्याचें सामर्थ्य यादींत नाहीं.

म्हणून बंधूंनो, आपली घरपट्टी व शेतसारा मागणी होण्याआधीं भरा. दुसऱ्याचें नांव चावडीवर लागलें, तर तें चवीनें वाचीत उभे राहूं नका. आणि उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक कळकळीची विनंती आहे : वर्गणी न देणाऱ्यांचीं नांवें उपासनेंत वाचूं नका. वर्गणी हा कर नव्हे. ती खुशीनें द्यावयाची आहे. त्या भावाच्या घरीं जा. कदाचित् त्याचें पीक बुडालें असेल, कदाचित् घरांत दुखणें असेल. ज्याचें नांव आज तुम्ही मोठ्यानें वाचाल, तो पुढच्या रविवारीं येणार नाहीं. आणि जो गेला, त्याची वर्गणी नव्हे, त्याचा जीव मंडळीनें गमाविला.

एके दिवशीं प्रत्येक झांकलेली गोष्ट उघड होणार आहे. त्या दिवशीं आपणांपैकीं कोणाचें खातें कोरें निघेल? आपलें ऋण ज्यानें वधस्तंभावर फेडिलें, त्याच्या नांवानेंच आपण उभे राहूं. तर ज्यांस इतकें सोडलें आहे, त्यांनीं मनुष्यांचें देणें चुकवूं नये, आणि देणेकऱ्याची अब्रूही घेऊं नये. प्रभु आपणां सर्वांस अशी बुद्धि देवो. आमेन.