टाक्याच्या पोटातली ताकद

उसाचा हंगाम जवळ आला की शहादा-तळोदा भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. कुठे चासीला तडा, कुठे हूक झिजलेला. वेल्डर टाका मारतो, हातोडीनं वरची खपली झाडतो आणि खाली एकसारख्या लहरींची चमकदार रेघ दिसते. मालक म्हणतो, "काम पक्कं झालं!"

सुबक रेघ खोटं बोलत नाही. वेल्डरचा हात स्थिर होता आणि वेग सारखा होता, एवढं ती नक्की सांगते. वेडावाकडा, भोकं पडलेला, कडेला खाच पडलेला टाका तर बघताक्षणीच नाकारावा. पण आतलं लोखंड मुळापर्यंत वितळून एकजीव झालं का, हे रेघेवरून कळत नाही. करंट कमी पडला, जाड पट्टीच्या कडेला व्ही आकार काढला नाही किंवा गंज आणि ग्रीस तसंच राहिलं, तर वेल्डिंगच्या रॉडचा धातू वरच्यावर गोठतो. रॉड दमट असेल तर पोटात बारीक पोकळ्या राहू शकतात. म्हणूनच वेल्डिंग शिकवताना नमुन्याचा जोड वाकवून, तोडून आत पाहतात आणि मोठ्या कामांत क्ष-किरणांनी किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रानं तपासतात.

असा लपलेला दोष किती महागात पडतो, पाहा. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा तेल कामगारांच्या निवासाचा तरंगता तळ उलटला आणि 123 माणसं गेली. मूळ निघालं एका आधारनळीवर छोटं उपकरण बसवण्यासाठी मारलेल्या 6 मिलिमीटरच्या टाक्यात. तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे तडा बांधणीच्या वेळचाच होता. त्यावर रंग चढला होता.

जोडाची खरी ताकद ठिणगी उडण्याआधीच ठरते: घासण्यात, व्ही काढण्यात, रॉड कोरडा ठेवण्यात. हे काम कुणाला दिसत नाही आणि बहुतेक वेळा त्याची मजुरीही कुणी देत नाही. माणसाच्या कुठल्याही कामाचं असंच आहे.

ट्रॉलीवाल्या भावांनो, भरल्या उसाच्या ट्रॉलीमागून कुणाचं तरी लेकरू सायकलवर येत असतं. वेल्डरला घाई करू नका, तयारीचे पैसे वेगळे द्या आणि जोड नीट तपासल्याशिवाय त्यावर रंग मारू नका.