वाहिनी कोणाच्या मालकीची?

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्या बोरगाव मेघेतील एका गल्लीत आठवडाभर नळाला पाणी आले नव्हते. आमची वस्ती वर्धा शहराला अगदी लागून. तेव्हा गाऱ्हाणे एका केबलवाहिनीच्या कानी गेले आणि कॅमेरा घेऊन एक तरुण आला. बायाबापड्यांनी रिकाम्या घागरी पुढे ठेवून आपली व्यथा सांगितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साऱ्या गल्लीने टीव्ही लावले. बातम्यांत एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. फळवाटप, पुष्पहार, केक आणि शुभेच्छांची रांग. पाण्याचा उल्लेखही नव्हता. पुढे तो तरुण चौकात भेटला तेव्हा आम्ही त्याला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, “काका, वाढदिवसाचे पैसे येतात. पाण्याचे कोण देते?”

त्या वेळी आम्हांला त्याचा राग आला. चौकशी केली तेव्हा कळले की त्याला ठरावीक पगार नव्हता. आणलेल्या जाहिरातींवर जी टक्केवारी मिळेल तीच त्याची कमाई. मग राग ओसरला आणि त्याचा प्रश्न मात्र मनात राहिला. ज्या गोष्टीसाठी कोणी पैसे देत नाही ती गोष्ट समाजाला दिसावी की नाही? आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

स्थानिक वाहिनीचा जमाखर्च समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला न्याय देता येणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे वारे आपल्या देशात शिरले. गावोगावच्या बेकार तरुणांनी उसनवारीने पैसा उभा करून गच्चीवर तबकड्या बसवल्या, विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून तारा ओढल्या. १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळ्यांसंबंधी कायदा झाला. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात पाचशे रुपये भरून होत असे. त्याच्या खोलीत एक व्हीसीआर असला की त्याची स्वतःची वाहिनी तयार! रात्री एखादा चित्रपट, गणेशोत्सवातील मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन असा तिचा संसार होता. मालक गल्लीतच राहत असे. चुकीचे काही दाखवले तर सकाळी दुधाच्या रांगेत त्याला धरता येत असे.

२०१२ ते २०१७ या काळात देशभर टप्प्याटप्प्याने केबलचे अंकीकरण झाले आणि हे चित्र पालटले. चित्र स्वच्छ झाले, हिशेब चोख झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आता संकेत मोठ्या शहरातील मोठ्या कंपनीच्या केंद्रातून येऊ लागले आणि गल्लीतल्या चालकाच्या हाती तार जोडण्याचे व वसुलीचे काम उरले. विदर्भात नागपूरच्या यूसीएनचे नाव या व्यवसायात सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१९ च्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी महिना १३० रुपये, वर कर, अशी मर्यादा ठरली. आपसांत वेगळा करार नसेल तर त्यातले ५५ टक्के मोठ्या कंपनीचे आणि ४५ टक्के स्थानिक चालकाचे. सशुल्क वाहिन्यांचे मोल निराळे. या साऱ्या वाटणीत स्थानिक बातम्यांच्या नावाचा रकानाच नाही. आपण दरमहा पैसे देतो. परंतु आपल्या गावची बातमी आपल्याला फुकट मिळते, आणि तिची किंमत दुसराच कोणी चुकवतो. तो दुकानदार असेल, शिकवणीवर्गाचा चालक असेल, भूखंड विकणारा असेल किंवा वाढदिवस साजरा करणारा पुढारी असेल. निवडणुकीत हा व्यवहार कोणत्या थराला जातो हे २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आपल्या राज्याने पाहिले. पैसे घेऊन छापलेल्या व दाखवलेल्या बातम्यांविषयी भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध करावा लागला.

मग मालक कोण? कागदोपत्री उत्तर सोपे आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे केबलजाळ्याच्या स्वतःच्या वाहिन्यांना एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांची मर्यादा आहे आणि स्थानिक बातम्या देणाऱ्याने कंपनी म्हणून नोंदणी केलेली असली पाहिजे. परंतु कागदावरची मालकी आणि नैतिक मालकी यांत अंतर असते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात निर्णय दिला की आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हावा. त्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. कोणी म्हणेल, केबल आकाशातून जात नाही, तारेतून जाते. खरे आहे. पण ती तार रस्त्यावरून जाते, सार्वजनिक खांबांचा आधार घेते, आमच्या गच्चीवरून पुढच्या घरी पोहोचते. तिचे सर्व बळ सार्वजनिक जागेचे आणि शेजाऱ्यांच्या सौजन्याचे आहे.

याला एक रास्त आक्षेप आहे. ज्याने कर्ज काढून धंदा उभारला, तोटा सोसला, त्याला ‘तुझे ते सर्वांचे’ असे सांगणे अन्यायाचे नाही काय? आणि खाजगी मालकी नको म्हणून वाहिनी सरकारच्या किंवा एखाद्या पक्षाच्या हाती द्यावी, तर पाण्याची तक्रार करणाऱ्या बायांचे तिथे तरी ऐकले जाईल काय? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये सरकारे, राजकीय पक्ष आणि धार्मिक संस्था यांना प्रक्षेपणाच्या व्यवसायापासून दूर ठेवावे अशी शिफारस केली. धार्मिक संस्थांचे नाव त्या यादीत आहे याचा आपणही शांतपणे विचार करावा. आपला हेतू शुद्ध आहे एवढ्यावर दुसऱ्याने आपल्या हाती सत्ता सोपवावी, ही अपेक्षा आपणही करू नये.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात या पेचाचा विचार केला होता. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीला असू शकतो, परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांसाठी आहे असे मानावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा सार आहे. आमच्या घरापासून काही मैलांवर, सेवाग्रामला १९३६ पासून राहिलेल्या महात्मा गांधींनी धनिकाला विश्वस्त म्हटले ते याच अर्थाने. आणि त्यांनी ते स्वतःच्या नियतकालिकांत आचरून दाखवले. दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी जाहिराती बंद केल्या, पुढे ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ही जाहिरातींवाचून चालवली. पत्र जगवायचे असेल तर ते वाचकाने जगवावे, असा त्यामागचा विचार होता.

येथे आमचेच मन आम्हांला टोचते. त्या तरुणाला आम्ही जाब विचारला, परंतु गावच्या बातमीसाठी आम्ही कधी एक रुपया तरी दिला होता काय? आमच्या घरच्या मंगलकार्याची शुभेच्छा-जाहिरात आम्हीही याच वाहिनीवर दिली होती. म्हणजे वाढदिवसाच्या पारड्यात आमचेही वजन होते. आज जिल्ह्याजिल्ह्यांत मोबाईलवरून यूट्यूबची वाहिनी चालवणारे तरुण दिसतात. तार गेली, खांब गेला, मोठ्या कंपनीची परवानगीही लागेनाशी झाली. पण जाहिरात देणाऱ्याकडे पाहून बातमी ठरवायची रीत कायम आहे, कारण प्रेक्षकाची सवय कायम आहे.

मालकावर बंधने हवीतच: जाहिरात ही जाहिरात म्हणून दाखवावी, मालक कोण ते लोकांना कळावे, निवडणुकीत बातमी विकू नये. परंतु विश्वस्त केव्हा सावध राहतो? ज्यांच्यासाठी तो विश्वस्त आहे ते हिशेब मागतात तेव्हा. शंभर घरांनी महिन्याला दहा-दहा रुपये काढले, तर हजार रुपये होतात. त्यातून वाहिनी चालणार नाही हे आम्ही जाणतो. पण एका तरुणाला महिन्यातून दोन दिवस पाण्याच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या बातमीसाठी मोकळे ठेवता येईल. पुन्हा मे महिना येईल आणि रिकाम्या घागरी पुन्हा रांगेत लागतील. त्या वेळी त्या तरुणाच्या प्रश्नाला आपल्यापैकी कोणी तरी ‘आम्ही देतो’ असे उत्तर द्यावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.