ज्ञानसभेचा खर्च कोणाचा?

ज्ञानचर्चेत बोलण्याचा अधिकार कशावरून ठरावा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञसभेचा भार यजमानावर आहे. शिंगांना सोने बांधलेल्या हजार गायी त्यानेच उभ्या केल्या आणि गार्गीने तिथे याज्ञवल्क्याला प्रश्न विचारले. (तिलाही एकदा दटावून गप्प बसवले गेले, ही गोष्ट वेगळी.)

आजच्या परिषदेत हिशेब उलटा आहे: निबंध वाचणाराच नोंदणी शुल्क भरतो. रायपूरचा प्राध्यापक पुण्याच्या परिसंवादाला निघाला, तर त्याला कर्तव्यरजा आणि प्रवासभत्ता मिळण्याची शक्यता असते. नोकरीबाहेरचा अभ्यासक मात्र आझाद हिंद एक्सप्रेसचे तिकीट, मुक्काम आणि शुल्क खिशातून भरतो; बुडालेली रोजी वेगळीच.

छत्तीसगडात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथले महाभारत पंडवानी या कथागायनाच्या लोककलेत जिवंत आहे. शाळेचे शिक्षण नसलेल्या तीजनबाईंनी, बायकांनी बसून गाण्याची रीत मोडून, हाती तंबुरा घेत उभ्याने भीम रंगवला. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. तरी असा कलावंत परिषदेत बहुधा सायंकाळच्या मनोरंजनापुरताच असतो आणि दिवसा त्याच कथेचा अर्थ इतरच लावतात. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ‘ज्ञानविषयक अन्याय’ म्हणून मांडलेली कल्पना इथे चपखल लागू पडते: माणसाला जाणकार म्हणून मोजलेच जात नाही. शुल्काची पावती हे वगळण्याचे काम निमूटपणे करते. ऑनलाइन सहभागाने प्रवासखर्च वाचतो. पण शुल्क बहुतेक ठिकाणी राहतेच.