कोणाकडे आलात?

गेल्या वर्षी आमच्या बँकेतले एक सहकारी युरोप ‘करून’ आले. त्यांनी पाँपेईचे फोटो दाखवले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली हे रोमन शहर गाडले गेले. राखेत माणसांच्या देहांच्या पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ साली फिओरेल्ली नावाच्या गृहस्थांनी त्यांत प्लास्टर ओतले आणि शेवटच्या क्षणी आडवी झालेली माणसे जशीच्या तशी हाती लागली. अशा एका माणसाशेजारी आमच्या वहिनी प्रसन्न हसत उभ्या होत्या. फोटो छान आला होता. म्हणून मीही ‘छान’ म्हणालो.

रोम माझ्या बजेटात बसत नाही. म्हणून मी महाडला गेलो. अठरा वर्षांपूर्वी तिथे एका शाखेत मी तीन वर्षे खर्डेघाशी केली, पण रायगड काही पाहिला नाही. जवळ राहणाऱ्याला प्रेक्षणीय स्थळे दिसत नाहीत, थकबाकी दिसते. आता पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि डोक्याला टोपी लावून प्रवासी म्हणून परतलो. गांधारपाल्याची लेणी पाहिली. दान देणाऱ्या राजपुत्र विष्णुपालिताने आपले नाव शिलालेखात कोरून ठेवले आहे, म्हणजे पावती जपून ठेवली आहे, हे पाहून बरे वाटले. मग रायगड. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला आणि १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी जिथले वाडे जळाले, तिथल्या बाजारपेठेच्या जोत्यावर बसून मी डब्यातली थालीपीठे खाल्ली. मन कसे भरून आले. पोटही.

आम्ही कॉमर्सवाले. दरवर्षी वस्तूची किंमत घटते, तिला घसारा म्हणतात, असे आम्हाला शिकवले. अवशेषांचे उलटे. कालची पडकी भिंत म्हणजे राडारोडा, तीनशे वर्षांची पडकी भिंत म्हणजे वारसा! मग हा घसारा नेमका कितव्या वर्षी उलटा फिरतो?

उतरल्यावर जीपवाला म्हणाला, “साहेब, तळीये बघायचंय का? दाखवून आणतो.”

तळीये मला ठाऊक होते. म्हशीच्या कर्जाचे कागद घेऊन मी एकदा तिथे गेलो होतो. एका घरात कोरा चहा मिळाला होता, वर गुळाचा खडा. २२ जुलै २०२१ रोजी अतोनात पावसाने डोंगराचा कडा सुटला आणि कोंढाळकरवाडी गाडली गेली. ८०हून अधिक माणसे गेली. काहींचे देह मिळालेच नाहीत. वर्तमानपत्रात नाव वाचले तेव्हा मी चहा पीत होतो, तो तसाच खाली ठेवला. पुढे काय करायचे ते सुचले नाही, म्हणून कामाला लागलो.

गेलो. वाटेवर एक आजी भेटल्या. माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून, पण अगदी सहज, त्यांनी विचारले, “कोणाकडे आलात?”

गावात हे प्रत्येकाला विचारतात. घर दाखवता यावे म्हणून विचारतात. पण मला उत्तर येईना. म्हशीच्या कर्जाची रक्कम आठवली, हप्ता आठवला. चहा देणाऱ्याचे नाव काही केल्या आठवेना. आणि आठवले असते तरी ते उच्चारायचा धीर झाला असता की नाही, देव जाणे. मी म्हणालो, “असाच आलो होतो.” आजी म्हणाल्या, “मग पाणी तरी घ्या.” कॅमेरा मी केव्हा पिशवीत टाकला, तेही कळले नाही.

परतताना उलगडा झाला. पाँपेईत ‘कोणाकडे आलात?’ असे विचारणारे कोणी उरलेले नाही, एवढाच फरक! दुःख जुने होत नाही, विचारणारे संपतात. मग तिकीट लावता येते. साधे कर्ज तीन वर्षांत मुदतबाह्य होते. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण त्यानंतरही खरा वारस आला तर त्याला पैसे द्यावेच लागतात. मेलेल्या माणसांचे आपल्याकडे जे काही जमा असते, ते या दुसऱ्या खात्यातले. त्याला मुदत नाही.

मग अवशेष पाहायला जाऊच नये काय? जावे. पण आपल्याकडे कोणाचे काही बरेवाईट झाले की लोक समाचाराला जातात. पाहायचे तेच असते, घरही तेच असते. फक्त चपला दाराशी काढतात आणि आवाज खाली येतो. पाँपेईला जायचे तर असे जावे. रायगडावरही मी पुन्हा जाणार आहे. बाजारपेठेत थालीपीठ सोडण्याआधी मात्र कोणाकडे आलो ते मनाशी ठरवून ठेवीन. कोणी विचारलेच तर?

आमच्या सहकाऱ्यांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, “तुझे फोटो दाखव.” तळीयेचा एकही नव्हता. रायगडाचे दाखवले. ते म्हणाले, “छान.”